शनिवारचं लोखंड

मंगळवार, ५ डिसेंबर १९७२

भागीची नेमणूक झाली. आरोग्य खात्याच्या हेडक्लार्कने दुपारी आमच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात फोन करून सांगितलं. संध्याकाळी तिने हुकूमच आणून माझ्या टेबलावर ठेवला. डोंगरगणच्या वर, घाटातल्या वाड्यांसाठी नर्स. सोमवारी, अठराला हजर व्हायचं.

हुकूम दोनदा वाचला, प्रूफ वाचतो तसा. मग म्हणालो, छान झालं. ती म्हणाली, सायकल लागेल, वाड्या लांब लांब आहेत. आणि जरा थांबून — पुढं लहान मुलाची सीट बसते ना, तसली पाहिजे.

तेव्हा कळलं, ही गोरक्षला बरोबर न्यायचं म्हणते आहे.

गोरक्ष माझा नातू. अडीच वर्षांचा. शिंगणापूरला आजीजवळ असतो. त्याचे वडील, माझे जावई कानिफनाथ, गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गेले. यंदा वैशाखात माझी बायको बना अंथरुणाला खिळली, म्हणून भागी आईचं करायला इकडे आली. विहीणबाई रंगुबाई तेव्हा म्हणाल्या, पोराला आजारपणाच्या घरात नेऊ नको, मी बघते. त्यात काही चूक नव्हतं. आषाढात बना गेली. दिवस झाले, भागी परत सासरी गेली, तर रंगुबाईंनी पोर कडेवरून खाली ठेवलं नाही आणि हिला बस म्हणाल्या नाहीत. एकुलता एक मुलगा गेलेला, त्याचं हे एवढंच उरलेलं. त्यांच्यावर रागावता येत नाही. तेच अवघड आहे.

"दार नसलेल्या घरातून मला बाहेर काढलं, अण्णा," त्या दिवशी परत येऊन भागी म्हणाली होती.

शिंगणापुरात कुठल्याच घराला दार नाही, कडी नाही. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून एक फळी आडवी लावतात, तेवढंच. राखण देव करतो. त्या गावातून कुणी काही चोरून नेत नाही. मी एकदा चिडून म्हणालो, दार नाही तर जा आणि उचलून आण, तुझंच पोर आहे. ती म्हणाली, तिथून कुणी काही उचलत नाही. मी कशी उचलू?

चार वर्षं नांदली त्या घरात. अजून आमच्या दाराला कडी घालायला विसरते.

बुधवार, ६ डिसेंबर

भाऊसाहेब ऑफिसात आले. रंगुबाईंचे थोरले दीर, त्या घरातले कर्ते. शेवटचा फर्मा मशीनवर चढत होता, मी उठू शकत नव्हतो. ते म्हणाले, "चालू द्या तुमचं, इवाई. दुष्काळ काय पळून जातूय व्हय?" आणि कागदाच्या रिळावर बसून राहिले.

काम उरकल्यावर चहाला नेलं. त्यांनी घरी शब्द टाकला आहे. नोकरी लागली, सरकारी खोली मिळणार, सांभाळायला तिथली दाई छबूबाई आहे, सगळं सांगितलं. रंगुबाई नाही म्हणाल्या नाहीत. हो पण म्हणाल्या नाहीत. त्यांची अट आहे. भाऊसाहेबांनी ती बशी खाली ठेवून सांगितली.

"पोर कशावर बसवून नेनार, ते ती डोळ्यानं बघनार. आन् त्या सायकलीत शनिवारचं लोखंड नको. खिळासुदिक न्हाई."

शनिवारी लोखंड आणि तेल घरात आणू नये, हे आपल्याकडे सगळेच थोडंफार पाळतात. शिंगणापुरात तर विचारायला नको. पण रंगुबाईंचं त्यापलीकडचं आहे. कानिफनाथांनी फटफटी घेतली ती शनिवारी; कारखान्यातून रजा त्या दिवशी मिळाली म्हणून. आईने हात जोडले तर हसून म्हणाले, जुनी गाडी आहे, तिला शनिवार आधीच लागून गेला. भागीने ही गोष्ट इथे येऊन सांगितली तेव्हा बना, मी, सगळेच हसलो होतो. नवरात्रात गाडी आली. दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

सोळाला या म्हणाले. तोही शनिवारच! पण शनिवारी गाव देवापुढं जमतं, चार माणसांसमक्ष ठरलेलं मोडत नाही. म्हणजे सायकल शुक्रवारच्या आत पुरी व्हायला हवी.

भागीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, बघू दे की. बघण्यासारखीच घेऊ.

गुरुवार, ७ डिसेंबर

दिवसभर टंचाईच्या बातम्या. भागी संध्याकाळी ऑफिसात आली आणि जुन्या अंकांतल्या सायकलींच्या जाहिराती बघत बसली. कंपोझिटर मंडळींनी गंमत म्हणून सायकलचा ठसा काढून दिला, तो पदराच्या गाठीत बांधून घेऊन गेली.

शनिवार, ९ डिसेंबर

छगनच्या सायकलच्या दुकानात जाऊन आलो, स्टँडजवळ. मुद्दाम आज. शनिवारी त्याच्याकडे कुणी विकत घेत नाही. लोक येतात, चाक फिरवून बघतात, रविवारी येऊन नेतात. "शनिवारी माझं दुकान म्हंजी प्रदर्शन," छगन म्हणाला. आम्हाला तेच हवं होतं. घाई नाही, गर्दी नाही.

पहिलाच खोडा — लेडीज की जेंट्स. भागीला जेंट्स हवी, कारण पोराची पत्र्याची सीट दांडीवर बसते. छगनने विचारलं, नऊवारी नाही, पाचवारी नेसून दांडीवरून पाय कसा टाकणार, ते एकदा करून दाखवा. तिने करून पाहिलं. दुकानातली दोन माणसं तोंड फिरवून उभी राहिली. लेडीज ठरली. पण लेडीजला दांडी नाही! मग सीट मागे कॅरियरवर लावू म्हणाला.

"मागं नको. मागं बसलेला दिसत नाही."

छगन डोकं खाजवत राहिला. मग त्याला आठवलं, वेताची एक छोटी खुर्ची मिळते. दोन आकड्यांनी हँडलला अडकवायची, पोराचं तोंड आईकडे. त्याच्याकडे नाही, पुण्याहून मागवावी लागेल. भागीने न बघताच मागवा म्हणून सांगितलं.

मग बाकीचं. मी डायनामो घ्या म्हणालो. रात्रीअपरात्री बाळंतपणाला जाणार ही. छगन म्हणाला, घाटात ढकलत न्यायची आहे, चाक सावकाश फिरलं की दिवा मिणमिणणार आणि थांबलं की अंधार. मग सेलचा दिवा बघितला, हँडलवरून काढून हातात घेता येतो असा. भागी म्हणाली हाच. बाळंतिणीच्या खोपटातसुद्धा उपयोगी पडेल. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी, साडी अडकू नये म्हणून. टायर जाड नक्षीचे, कारण त्या सगळ्या रस्त्यांवर दुष्काळी कामाची नवी खडी पडली आहे. पंप, पंक्चरचं सामान. सीटला तिने साधं कव्हर घेतलं. गोंडे छगनने दाखवले, तिने परत केले. विधवेच्या सायकलीला गोंडे कशाला, असं तिच्या मनात आलं असेल की आवडलेच नसतील, विचारलं नाही.

कुलपावरून आमचं थोडं वाजलं. ती म्हणाली, कशाला? नर्सची सायकल कोण नेतंय? मी म्हणालो, असू दे. तिने कुलूप काउंटरवर मागे सरकवलं, मी पुढे. शेवटी छगन मध्ये पडला. "ताई, ते शिंगनापूर न्हाई. हितं आपापलं आपन राखायचं." कुलूप घेतलं.

मागच्या मडगार्डची लाल काच तिने स्वतःच उचलली. मग आणखी एक उचलली. छगन म्हणाला, एकच लागते. ती म्हणाली, दोन लावा. छगन माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, लाव.

आणि घंटी! घंट्यांच्या खोक्यातली एकेक वाजवून पाहिली. सगळ्या सारख्याच वाजत होत्या मला. दुकानाबाहेर मला उभं केलं, रस्ता ओलांडून पलीकडे पाठवलं, तिथून ऐकू येते का विचारलं. छगन म्हणाला, "देवळाचीच घंटा न्या ना, ताई." शेवटी एक सापडली, दोन सुरांत वाजणारी. अंगठा दाबला की एक, सोडला की दुसरा.

"ही ओळखू येईल," भागी म्हणाली.

कुणाला, ते तिने सांगितलं नाही.

रविवार, १० डिसेंबर

सगळं पक्कं करून आलो. छगन गुरुवारी कसून देतो म्हणाला. खुर्ची पुण्याहून एस.टी.च्या पार्सलने.

मंगळवार, १२ डिसेंबर

पारनेरकडून अपघाताची बातमी आली. नाव, गाव, वय दोनदा विचारून घेतलं. वार्ताहर वैतागला असेल.

गेल्या वर्षी असाच घोडेगावहून फोन होता. उसाची ट्रॉली रस्त्यात उभी, मागे दिवा नाही की लाल काच नाही, फटफटीवरचा तरुण जागीच ठार, नाव अजून समजलं नाही. मी चार ओळी केल्या. वय अंदाजे लिहिलं. नाव समजलं तेव्हा अंक छापून झाला होता.

त्या अंकात माझा जावई बेनाव आहे. तो अंक घरात नाही, पण भागीने कुठेतरी वाचला आहे. शनिवारी त्या दोन काचा उचलल्या तेव्हा कळलं.

गुरुवार, १४ डिसेंबर

सायकल आली. छगन स्वतः चालवत घेऊन आला, घंटी वाजवत. काळी, चकचकीत. शेजारच्या गोजरबाईंनी हळदकुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला, हँडलला झेंडूची माळ घातली. भागी बाजूला उभी होती. गोजरबाईंनी तिच्या हातात ताट दिलं तर तिने पुन्हा त्यांच्याच हातात दिलं. मग गोजरबाईंनी तिचा हात धरून तिच्याकडूनच ओवाळून घेतलं. बरं वाटलं मला.

खुर्ची अजून नाही. पुढे वजन असलं की हँडल कसं वागतं हे बघायचं म्हणून रेशनची लाल मिलो ज्वारी पिशवीत भरली, गोरक्षच्या वजनाची असेल असं समजून, आणि हँडलला बांधली. गल्लीतून वर, खाली. मी मागे कॅरियरला हात लावून. ती शाळेत असताना असाच धावलो होतो, तेव्हा दम लागला नव्हता.

"काय गं, पोर लई लाल झालंय," गोजरबाई ओट्यावरून म्हणाल्या. भागी हसली. किती दिवसांनी.

वळणावर पडली. गुडघा खरचटला, पिशवी फाटली, मिलो रस्त्यावर. दुष्काळात धान्य रस्त्यावर टाकून कोण जातं? दोघांनी बसून दाणा दाणा वेचला. वेचताना ती म्हणाली, "अण्णा, तो मला ओळखेल ना? दिवाळीला गेले तेव्हा लांबून बघत होता."

मी म्हणालो, आईला कोण विसरतं.

ही बातमी मी कशाच्या आधारावर दिली?

शुक्रवार, १५ डिसेंबर

खुर्ची येईना. ऑफिसातून स्टँडवर, स्टँडवरून ऑफिसात. शेवटच्या पुण्याच्या गाडीतून पार्सल उतरलं. छगन दुकान बंद करून केडगावला घरी निघून गेलेला.

घरी येऊन सोडलं. सुरेख वीण. दोन पायांना दोन भोकं, पाठीला कमान. पण आकडे नाहीत! पाठवणारा विसरला असेल, नाहीतर ते वेगळे घ्यावे लागत असतील. छगनकडे तसले आकडे आहेत, मी पाहिले होते. पण छगनचं दुकान आता उद्याच उघडणार.

उद्या शनिवार.

शनिवार, १६ डिसेंबर

पहाटे मी म्हणालो, छगन उघडतो तोवर थांबू. बोटभर लोखंडाचे दोन आकडे. ते कधी घेतले हे कुणाला कळणार आहे?

"मला कळेल, अण्णा. आणि आत्याबाईंनी विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही."

तिचा विश्वास आहे का त्यावर? नाही. पण सासूचं दुःख तिने आपल्या विश्वासाच्या वर ठेवलं. मी पंचवीस वर्षं लोकांची दुःखं छापतो आहे. उठून अंगणात गेलो.

बनाची वाळवणाची सुती दोरी अंगणात होती. ती सोडली. भागीने खुर्ची हँडलला बांधली; दोन्ही बाजूंना, खाली, पुन्हा वर. बाळंतपणातल्या नाळेची गाठ मारते तशी एकेक गाठ ओढून. मी खुर्चीवर जोर देऊन पाहिला. हलली नाही.

सायकल एस.टी.च्या टपावर. घोडेगावला उतरवली. तिथून भागी सायकलवर, मी भाविकांच्या जीपमध्ये मागे. त्या रस्त्यावर एका जागी ती दरवेळी मान दुसरीकडे करते, आज केली नाही. समोर बघत चालवत गेली.

गल्लीच्या तोंडाशी तिने घंटी वाजवली. मी तेव्हा पोचलो होतो. दोन सूर. पुन्हा दोन सूर. त्या घराचा गोणपाटाचा पडदा हलला आणि खालून गोरक्ष बाहेर आला, नुसत्या सदऱ्यात. धावतच आला. भागी सायकल तशीच धरून खाली वाकली. तो घंटीपाशी आला. घंटीकडे बघत राहिला. तिने त्याचा अंगठा धरून वाजवून दाखवली. तो हसला — घंटीकडे बघूनच. तिच्याकडे एकदाही नाही.

रंगुबाई बाहेर आल्या. वाळल्या आहेत. मला नमस्कार केला, भागीला नाही. भाऊसाहेब आणि आणखी दोन म्हातारे ओट्यावर बसले होते, त्यांच्याकडे न बघता सायकलभोवती फिरू लागल्या. टायर दाबून पाहिला. जाळीत बोटं घातली. दिवा बघितला. कुलपाला हात लावला नाही, पदराने झटकल्यासारखं केलं फक्त. मागे आल्या आणि लाल काचांपाशी थांबल्या.

"दोन कशाला?"

"एक नाही दिसली तर दुसरी दिसावी," भागी म्हणाली.

रंगुबाईंनी मडगार्डवर हात ठेवला. बराच वेळ तसाच. मग त्या पुढे आल्या, खुर्चीपाशी.

"आकडं कुटं हायेत हिचं?"

"काल मिळाले नाहीत. आज घ्यायचे नव्हते."

रंगुबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. मग एकेक गाठ ओढून बघितली. सगळ्या गाठी. शेवटच्या गाठीशी हात थांबला, आणि खाली बघतच म्हणाल्या, "ने. मी अडवत न्हाई. पोर तुजं हाय."

भाऊसाहेबांनी मोठा श्वास सोडला. झालं, असंच मलाही वाटलं.

भागीने त्याला उचलून खुर्चीत बसवलं. बसेपर्यंत गप्प होता. तिने पायडलवर पाय ठेवला आणि तो किंचाळला. दोन्ही हात रंगुबाईंकडे. "आई! आई!" रंगुबाईंना. सायकल चालवणं शक्यच नव्हतं. भागी ती हातात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली, त्याच्याशी बोलत, घंटी वाजवत. तो पाठ वाकडी करून मागे बघत होता. मी आणि भाऊसाहेब मागून चालत होतो. रंगुबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी खरंच अडवलं नाही. हाक मारली नाही, रडल्यासुद्धा नाहीत.

गल्लीच्या टोकाशी भागी थांबली. उभी राहिली. मग सायकल फिरवली.

परत येऊन त्याला सोडवलं. रंगुबाईंनी हात पुढे केले नव्हते, पोरानेच झेप घेतली. भागीने सायकल भिंतीला लावली आणि गाठी सोडायला बसली. नाळेच्या गाठी त्या, सुटता सुटेनात. सगळ्या सोडल्या. खुर्ची उचलून पडद्याच्या आत ठेवली, जिथं उंबऱ्यापुढे ऊन येतं.

"राहू दे. बसू दे त्याला. सवय होईल," म्हणाली.

कुणाला सवय होईल, कशाची, ते कुणी विचारलं नाही.

परतीच्या एस.टी.त माझ्याशेजारी बसली होती. दोरीची गुंडाळी मांडीवर. नगर येईपर्यंत एकच बोलली. "मला आई म्हणत नाही, याचं काही नाही, अण्णा. पण त्याला उचलून आणलं असतं ना, तर ती चोरीच झाली असती."

रविवार, १७ डिसेंबर

भागीने दिवसभर सामान भरलं. दोरी पुन्हा वाळवणाला बांधून ठेवली.

सोमवार, १८ डिसेंबर

ती गेली. वांबोरीच्या गाडीच्या टपावर सायकल, आत ट्रंक. घाटाच्या खाली उतरून पुढे चालवत जाणार म्हणाली. ट्रंक छबूबाईचा माणूस बैलगाडीतून नेईल. गाडी सुटताना टपावरची घंटी हिसक्याने आपोआप वाजली. दोघांनी ऐकली.

ऑफिसात वेळेवर गेलो. अंक वेळेवर निघाला.

बुधवार, २० डिसेंबर

फडताळात काडेपेटी शोधताना कुलूप सापडलं. किल्लीसकट. ठेवून गेली!

रात्री दाराला कडी घातली आणि मग उठून काढली. का, कोण जाणे. झोप तशीही नव्हती.

गुरुवार, २१ डिसेंबर

भागीचा निरोप, बसच्या कंडक्टरकडून: पहिलं बाळंतपण केलं, मुलगी, दोघी सुखरूप. सेलचा दिवा उपयोगी पडला.

बनाला सांगायला हवं होतं.

शुक्रवार, २२ डिसेंबर

भाऊसाहेब आले. या वेळी रिळावर बसले नाहीत, टेबलापाशीच उभे राहिले. गेल्या शनिवारपासून गोरक्ष घरात ठरत नाही. सायकलची घंटी वाजली की बाहेर. पोस्टमन असो, दूधवाला असो, त्याच्या मागे. वेताची खुर्ची ओढत रस्त्यावर नेतो आणि तिच्यात बसून राहतो. फळी लावली, ती चढून गेला. काल दिवेलागणीला दिसेना. सगळा गाव शोधत होता. घोडेगावच्या रस्त्याला, पार शिवेच्या पलीकडे, खुर्चीत बसलेला सापडला. उसाच्या गाड्या त्याच रस्त्याने जातात. त्याला उचललं ते रंगुबाईंनीच.

रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी भाऊसाहेबांना म्हणाल्या, ते त्यांनी शब्द न शब्द सांगितलं.

"घराला दार न्हाई आन् मी लावनार न्हाई. मग ह्याला राखू कसा? ज्या घंटीमागं पळतूय, तिच्याकडंच जाऊ द्या. आन् तिला म्हनावं, दोरीवर नगं. लोखंडाचं आकडं घालून आन. वार कोनचा का असंना."

मी विचारलं, नक्की असंच म्हणाल्या? भाऊसाहेब म्हणाले, "माज्यासमोर, इवाई. आन् मीबी दोनदा इचारलं."

वांबोरीच्या मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरकडे भागीला चिठ्ठी दिली आहे. उद्या ती घाट उतरून शिंगणापूरला येईल. रंगुबाईही सोबत दोन रात्री तिकडे राहायला जाणार आहेत, पोर रुळेपर्यंत. मी घोडेगावच्या पहिल्या गाडीने.

छगनला सांगून आलो. उद्या तो दुकान उजाडताच उघडतो आहे. म्हणाला, शनिवारी गिऱ्हाईक कसं असतं, तेवढंच बघायचं राहिलंय. पहिलं गिऱ्हाईक मी. दोन आकडे.